बाल्साचा पहिला ट्रेनर बांधताना: पंखातला पीळ

नाशिकहून एका वडिलांनी विचारलंय: मुलगी नववीत आहे, अमेरिकेतल्या मामाने तिच्यासाठी सिग कंपनीचा कॅडेट एलटी-४० हा बाल्साचा किट आणलाय. घरात याआधी कुणीही मॉडेल विमान बांधलेलं नाही. सुरुवात कुठून करायची, कशाने चिकटवायचं, मोटर कोणती घ्यायची, किती दिवस लागतील, आणि एवढं करून ते उडेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. उडेल, आणि छान उडेल. हा किट आयोवा राज्यातल्या मॉन्टेझुमा या गावच्या कंपनीचा, शिकणाऱ्यांसाठीच आखलेला; अशा विमानाला ट्रेनर म्हणतात. पंखाची लांबी ७० इंच, क्षेत्रफळ ९०० चौरस इंच आणि तयार विमानाचं वजन साडेपाच ते सहा पौंड, म्हणजे अडीच ते पावणेतीन किलो. हिशेब केला तर पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ४३ ते ४७ ग्रॅमच भार येतो. या आकाराच्या विमानाला हा भार कमी आहे, त्यामुळे ते सावकाश उडतं आणि शिकणाऱ्याला विचार करायला वेळ देतं. हा गुण नकाशातच, म्हणजे बांधणीच्या आराखड्यातच, आहे. तुम्हाला तो बांधताना घालवायचा नाही, एवढंच काम आहे.

घालवण्याच्या वाटा मुख्यतः दोन: पंखात पडलेला पीळ आणि शेपटीत वाढलेलं वजन. नव्या माणसाचे बहुतेक प्रश्न मोटर आणि रेडिओबद्दल असतात. मोटर नंतर बदलता येते, रेडिओही बदलता येतो. पण पंख चिकटून सुकला की त्याचा आकार कायमचा झाला. म्हणून माझं निम्मं उत्तर पंखाबद्दलच असणार आहे.

पण आधी लाकूड ओळखा. बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरमधून येणारं झाड, आपल्या काटेसावरीच्या गोतावळ्यातलं. झपाट्याने वाढतं, म्हणून हलकं. मात्र सगळं बाल्सा सारखं हलकं नसतं. ३ मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर रुंद आणि ९१५ मिलिमीटर लांब अशी पट्टी एका झाडातून २० ग्रॅमची निघते, तर दुसऱ्यातून ४० ग्रॅमची. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे किट उघडल्यावर पहिलं साधन लागतं ते ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. पहिल्या दोन संध्याकाळी ब्लेडला हातच लावू नका. मुलीबरोबर बसून नकाशा वाचा, सूचनापुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा, लेझरने कापलेले भाग पट्टीतून सोडवण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक लिहा. मग स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य आधाराच्या, लांब काठ्या तोला आणि जोड्या लावा: डाव्या आणि उजव्या पंखात सारख्या वजनाच्या, सारख्या वाकणाऱ्या काठ्या जायला हव्यात. काठीचं एक टोक टेबलावर दाबून धरायचं, दुसरं मोकळं सोडून त्यावर एखादं नाणं ठेवायचं आणि किती वाकते ते पाहायचं. मुलांना हे काम फार आवडतं आणि लाकडाशी ओळख इथेच होते.

सगळ्यात हलक्या काठ्या आणि पट्ट्या शेपटीसाठी बाजूला काढा. गुरुत्वमध्यापासून शेपटी नाकाच्या साधारण अडीच-तीन पट लांब असते. शेपटीत २० ग्रॅम वाढले की तोल सांभाळायला नाकात ५०-६० ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणजे विमान ७०-८० ग्रॅमनी जड झालं, आणि तेही कशासाठी? एका जड पट्टीसाठी आणि हात सैल सोडून ओतलेल्या फेविकॉलसाठी.

आता पाट, म्हणजे ज्यावर पंख बांधायचा तो बोर्ड. माझा दुसरा ट्रेनर मी जुन्या फ्लश डोअरवर बांधला होता. दार वर्षभर गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेलं. एक कोपरा चारेक मिलिमीटर वर आला होता, पण नजरेला तो कळत नव्हता. पंख त्या दाराचाच आकार घेऊन तयार झाला. उडवलं तेव्हा विमान डावीकडून उचलून उजवीकडे कलायला लागलं. ट्रिमच्या, म्हणजे रेडिओवरच्या बारीक दुरुस्तीच्या बटणाच्या, चार-पाच टिचक्या दिल्यावर सरळ जायला लागलं, आणि मला वाटलं प्रश्न मिटला. उतरवताना थ्रॉटल कमी केला, वेग पडला आणि जमिनीपासून दहा-बारा फुटांवर डावा पंख एकदम खाली गेला. तीन महिन्यांचं काम मी पोत्यात भरून घरी आणलं. मी तेव्हा एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. आमच्या प्रशिक्षकांनी मोडका पंख हातात घेऊन मागच्या बाजूने एका डोळ्याने पाहिलं आणि काहीही न बोलता तो माझ्या हातात दिला. मीही तसंच पाहिलं. तेव्हा दिसलं.

झालं काय होतं, ते नीट समजून घ्या. पंखाच्या एका टोकाला ट्रेलिंग एज, म्हणजे मागची कड, थोडी खाली पिळली गेली, की त्या टोकाचा हवेशी असलेला कोन वाढतो. कोन वाढला की ती बाजू जास्त उचलली जाते, म्हणून विमान दुसऱ्या बाजूला कलतं. ट्रिमने एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, थोडे वर-खाली करून आपण हा फरक झाकतो. पण कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंख हवा सोडतो, म्हणजे स्टॉल होतो, आणि वेग कमी होत जाताना ही मर्यादा आधी गाठतं ते जास्त कोन असलेलं टोक. म्हणून पिळलेला पंख वेगात सरळ उडतो आणि नेमका उतरताना, जमिनीजवळ, दगा देतो. नवीन माणसाला वाटतं आपल्याला उतरवता येत नाही. कित्येकदा त्याचा हात बरोबर असतो, चूक महिन्यापूर्वी टेबलावर झालेली असते.

तेव्हा पाट सपाट हवाच. मी आता कडप्प्याच्या गुळगुळीत फरशीवर नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्ड चिकटवून वापरते. खाली दगड असल्यामुळे तो वाकत नाही, वर टाचण्या सहज रुततात. एवढी लांब फरशी नसेल तर १९ मिलिमीटरचा नवा ब्लॉकबोर्ड आणा, पण तो तपासल्याशिवाय वापरू नका. चारही कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे चार ठोकळे ठेवा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोरे ताणून बांधा. मध्ये दोन्ही दोरे एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. दोघांमध्ये फट राहिली, किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबत असला, तर पाटाला पीळ आहे. मग खालचा दोरा वर घेऊन पुन्हा पाहा, म्हणजे खात्री होते. पीळ निघाला तर पाटाखाली कागदाच्या घड्या घालून तो काढा, आणि पंख पुरा होईपर्यंत पाट जागचा हलवू नका.

पाटावर नकाशा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक किंवा बटर पेपर, म्हणजे लाकूड नकाशाला चिकटत नाही. खालचा स्पार ठेवा. टाचणी स्पारमधून आरपार घालू नका, दोन्ही बाजूंना तिरक्या टाचण्यांची कैची करून तो धरा. त्यावर रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या, उभ्या करा, प्रत्येक रिबला गुण्या लावून काटकोन पाहा. मग वरचा स्पार, लीडिंग एज (पुढची कड), ट्रेलिंग एज. इथपर्यंत पंख अजून लवचीक असतो. हातात धरून पिळला तर पिळला जातो. त्याला ताठपणा येतो तो दोन स्पारच्या मधल्या उभ्या पट्ट्यांनी आणि लीडिंग एजवरच्या पातळ आवरणाने. उड्डाणात वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधल्या पट्ट्या त्या दोघांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. या पट्ट्यांच्या लाकडाच्या रेषा उभ्याच असल्या पाहिजेत. आडव्या लावल्या तर बाल्सा रेषेतून फाटतं आणि पट्टी असून नसल्यासारखी होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या पट्ट्या आणि ते आवरण चिकटवताना पंख पाटावर टाचलेलाच असू द्या. ज्या क्षणी पट्टी सुकते त्या क्षणी पंखाचा आकार कुलूपबंद होतो. घाई करून पंख उचलला आणि मांडीवर घेऊन पट्ट्या लावल्या, तर मांडीचा पीळ पंखात राहतो. मी शिकवलेल्या मुलांमध्ये सर्वाधिक चुका इथेच झाल्या आहेत. तुमच्या नकाशात वॉशआउट दाखवला असेल, म्हणजे टोकाकडे ट्रेलिंग एज थोडी वर उचललेली, तर तेवढ्या जाडीची पट्टी आत्ताच तिच्याखाली सरकवा, दोन्ही पंखांना अगदी सारखी. हा पीळ मुद्दाम दिलेला असतो. त्यामुळे टोकं सगळ्यात शेवटी स्टॉल होतात.

दोन अर्धे पंख जोडताना मध्ये प्लायचा तुकडा येतो आणि पंखांची टोकं वर उचललेली राहतात. हा डायहेड्रल. नकाशातली उंची मोजून टोकाखाली ठोकळा ठेवा आणि सांध्यात सावकाश सुकणारं अराल्डाइट, म्हणजे इपॉक्सी, भरा. पाच मिनिटांत सुकणारं इथे नको, ते लाकडात मुरायच्या आत घट्ट होतं. सुकल्यावर मधल्या भागावर फायबरग्लासची पट्टी इपॉक्सीने चिकटवा, कारण विमान उलटंपालटं आपटलं की सगळा ताण तिथेच येतो.

कशाने चिकटवायचं याचं एकच उत्तर नाही. नव्या माणसाने पंखासाठी फेविकॉलसारखा पांढरा किंवा पिवळा लाकडाचा डिंक वापरावा असं माझं ठाम मत आहे. तो अर्धा तास घेतो आणि त्या अर्ध्या तासात चूक दुरुस्त करता येते. पिवळा मिळाला तर तोच घ्या, तो घासला जातो. पांढरा रबरासारखा सुकतो आणि घासताना आजूबाजूचं मऊ लाकूड खड्ड्यात जातं. पातळ पट्टीच्या एकाच बाजूला पसरट लावला तर पाण्याने पट्टी वाकते, म्हणून थेंबाथेंबाने, फक्त सांध्यावर. फेविक्विकच्या जातीचे डिंक, ज्यांना सगळे सीए म्हणतात, ते सेकंदात धरतात. म्हणून ते आधी सगळं मापात बसलं आहे याची खात्री झाल्यावरच. पातळ सीए सांध्यातून वाहत बोटांपर्यंत येतं आणि त्याची वाफ डोळ्यांत जाते. मुलीला चष्मा घालूनच काम करू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. पावसाळी हवेत ते आणखी लवकर धरतं आणि बाटलीतच घट्ट व्हायला लागतं. फायरवॉल (नाकातली मोटर बसवायची पाटी), चाकांची पाटी आणि पंखाचा सांधा यांना इपॉक्सीच. या तीन जागा सोडून विमानात इपॉक्सी कुठेही नको, जड असतं.

धडाबद्दल फार सांगत नाही, कारण या किटमध्ये प्लायचे भाग एकमेकांत खाचांनी बसतात आणि बरंचसं काटकोनात आपोआप येतं. तरी शेपटीकडे दोन्ही बाजू जवळ आणताना मधोमध एक दोरा ताणून ठेवा, नाहीतर धड केळ्यासारखं एका अंगाला वळतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फायरवॉल तुम्हाला थोडी उजवीकडे आणि थोडी खाली पाहणारी दिसली, तर ती चूक नाही. फिरत्या प्रॉपेलरमुळे आणि त्याच्या मागे गोल फिरत येणाऱ्या हवेमुळे विमान डावीकडे ओढ घेतं, म्हणून मोटरचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे ठेवतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने मेहनतीने पॉलिश पेपर घासून ती "सरळ" केली होती. नंतर आम्हाला वॉशर घालून तो कोन परत आणावा लागला.

शेपटी चिकटवण्याआधी पंख धडावर बांधा आणि दहा फूट मागे उभं राहून पाहा. आडवी शेपटी पंखाला समांतर हवी. पंखाच्या प्रत्येक टोकापासून शेपटीच्या मागच्या टोकापर्यंत दोरा धरून मोजा, दोन्ही मापं सारखी यायला हवीत. उभ्या शेपटीला गुण्या लावा.

घासकाम कंटाळवाणं असतं, पण गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, लांब ठोकळ्यावर पॉलिश पेपर चिकटवून करा. बोटांनी धरून घासलं तर रिबच्या मध्ये खळगे पडतात.

मग कव्हरिंग. उष्णतेने आकसणारी प्लॅस्टिक फिल्म इस्त्रीने बसवतात. आधी कमी उष्णतेवर फक्त कडा चिकटवायच्या, मग वाढवून मधला भाग आकसवायचा. किती उष्णता लागते ते फिल्मच्या पाकिटावर असतं, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे जोड खाली लपतो. वरून आणि खालून अगदी वेगळे रंग घ्या: वर पिवळा-लाल, खाली गडद निळा किंवा पट्टे. हे शोभेसाठी नाही. विमान लांब गेलं की लहान दिसतं आणि ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय, सुलटं आहे की उलटं, ते रंगावरूनच कळतं.

इथे पंख दुसऱ्यांदा पिळला जाऊ शकतो. एका बाजूची फिल्म पूर्ण ताणली आणि दुसरी तशीच सोडली तर ती पंखाला ओढते. म्हणून दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आलटून पालटून ताणा. शेवटी पंख हातभर लांब धरून मागून पाहा: ट्रेलिंग एजची रेघ मधल्या रिबच्या तुलनेत दोन्ही टोकांना सारखी दिसायला हवी. थोडा पीळ दिसला तर घाबरू नका, इथे तो निघतो. एकाने पंख उलट्या दिशेला, हवा असेल त्याहून थोडा जास्त पिळून धरायचा आणि दुसऱ्याने वरून-खालून इस्त्री किंवा हीट गन फिरवायची. फिल्म नव्याने आकसते आणि पंखाला त्या आकारात धरून ठेवते. दोन-तीन मिलिमीटरचा पीळ असा जातो. त्याहून मोठा असेल तर जात नाही, किंवा आठवड्याने परत येतो. बांधलेलं विमान मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेने फिल्म पुन्हा आकसून तुमचा सरळ पंख पिळते.

मोटरचं पटकन सांगते. किट ४० आकाराच्या (०.४० घन इंच) इंधनाच्या इंजिनासाठी आखलेला आहे, पण मिथेनॉलचं ते इंधन मिळवणं कठीण आणि तेलाने सगळं विमान माखतं. पहिल्या विमानाला वीजच बरी. किलोला २०० वॉटच्या आसपास धरलं तर साडेपाचशे-सहाशे वॉट पुरतात: चार सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, ३३०० ते ४००० मिलिअँपिअर-अवरची, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग), बारा बाय सहा किंवा तेरा बाय साडेसहा इंचांचा प्रॉपेलर, आणि त्याला मानवणारी सातशे-आठशे केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) मोटर. वॉटमीटर लावून पूर्ण थ्रॉटलचा करंट मोजा, अंदाजावर जाऊ नका. विमान घट्ट बांधून, प्रॉपच्या रेषेत कुणी उभं नसताना. लायपो नेहमी समोर बसून चार्ज करा, रात्री लावून झोपायचं नाही.

तोल पाहायचा तो बॅटरी आत ठेवून, सगळं जसं उडणार तसं. नकाशावरची गुरुत्वमध्याची खूण हाच आधार. या जातीच्या पंखात तो साधारण पुढून पाव ते तिसऱ्या हिश्श्यात येतो. शेपूट जड आली तर आधी बॅटरी पुढे सरकवून पाहा, शिसं शेवटी. शेपटीला जड विमान उडवायचा प्रयत्नही करू नका, ते एलेव्हेटरच्या, म्हणजे आडव्या शेपटीच्या हलणाऱ्या भागाच्या, हातात राहत नाही.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनेलचा पुरे. सिग्नल तुटला तर मोटर बंद व्हावी अशी फेलसेफची सोय लावा आणि ट्रान्समीटर बंद करून ती खरंच चालते का ते जमिनीवर, प्रॉप काढून बघा. मग विमानामागे उभं राहून ट्रान्समीटरची काठी उजवीकडे न्या: उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. काठी आपल्याकडे ओढा: एलेव्हेटर वर. ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी, तोंडाने म्हणत करायची. उलटे जोडलेले एलेरॉन जमिनीवर कळले तर दोन मिनिटांचं काम आहे, हवेत कळले तर सावरायला वेळच नसतो. बिजागरं प्रत्येक वेळी ओढून पाहा.

जागेबद्दल नाशिककरांनी विशेष जपायला हवं. ओझरचा विमानतळ, गांधीनगरचं लष्करी हवाई प्रशिक्षण, देवळालीचा तोफखाना, सगळं तुमच्या भोवती आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या विमानांना "मॉडेल" म्हणून वेगळं धरलं आहे, पण हवाई क्षेत्राचे रंग त्यांनाही लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं मैदान हिरव्या भागात आहे का ते आधी पाहा. हिरव्यातही मर्यादा जमिनीपासून ४०० फुटांची, आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. पिवळा किंवा लाल असेल तर दुसरं मैदान शोधा.

पहिलं उड्डाण तुमच्यापैकी कुणी करू नका, आणि मुलीला याचं वाईट वाटू देऊ नका. तोवर तिने संगणकावरच्या सिम्युलेटरवर खऱ्या ट्रान्समीटरने वीस-पंचवीस तास घालवलेले असू देत, विशेषतः विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. उडवणारा अनुभवी माणूस विमान वर नेईल, ट्रिम करेल आणि उंचावर थ्रॉटल पूर्ण कमी करून स्टॉल करून दाखवेल. ती दहा सेकंदं नीट पाहा. पंख सरळ असेल तर नाक हळूच खाली जाईल आणि विमान स्वतःच सावरेल. एकाच बाजूचा पंख पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्या दिवशी उड्डाण तिथेच थांबवा, अनुभवी माणसाकडूनच थोडं वेगात उतरवून घ्या आणि घरी इस्त्री काढा. सरळ निघालं की दोन ट्रान्समीटर जोडून, गुरूच्या हातात सूत्रं ठेवून, तिला काठी द्या.

वेळ: रोज दीड-दोन तास दिलेत तर दोन-अडीच महिने. पावसात सुरू करू नका, लाकूड ओलं असतं आणि सुकताना सरकतं. दसऱ्याला पाट मांडा, दिवाळीच्या सुट्टीत पंख बांधा, नाताळच्या सुमारास कव्हरिंग करा. जानेवारीत नाशिकची सकाळ सात ते नऊ बहुतेक निवांत असते. त्या वेळी मैदानावर जा, आणि बॅटरी जोडण्याआधी पंख एकदा मागून, एका डोळ्याने, तिलाच बघायला सांगा.